जाऊ दे गं

मास्तरीणबाईंनी उभ्या आयुष्यात खडू हातात धरला नव्हता. नवरा बसमध्ये कंडक्टर, कंडक्टरला लोक मास्तर म्हणतात, म्हणून त्या मास्तरीणबाई. इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं की कुणीतरी पोराच्या शिकवणीचं विचारायला यायचं आणि दारातून शिलाई मशीन दिसलं की ओशाळून परत फिरायचं. त्यातली निम्मी माणसं दुसऱ्या दिवशी एखादी पँट आखूड करायला घेऊन यायची, त्यामुळे या गैरसमजाबद्दल बाईंची काही तक्रार नव्हती.

तर या मास्तरीणबाईंच्या पायाला त्या आठवड्यात भिंगरी लागली होती. मशीनवर बसल्या की उठत होत्या, उठल्या की कशाला उठलो ते विसरत होत्या. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा डावा पाय त्यांनी दोनदा आखूड केला आणि उजवा तसाच ठेवला. कारण शुक्रवारी सकाळी दहाच्या आत हो किंवा नाही सांगायचं होतं. मास्तरांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं की घरीच, याचं ते हो-नाही होतं.

मास्तरांना चौदा महिन्यांपूर्वी झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं पार गेलं. उरले ते 'हो' आणि 'नाही', तेही उलटसुलट. चहा हवा का विचारलं की मास्तर ठणकावून 'नाही' म्हणायचे आणि डावा हात कपासाठी पुढे करायचे. त्यांच्या हो-नाहीवर विसंबून घरात कुणी खिडकीसुद्धा उघडत नसे. मास्तरांचं मन काय म्हणतंय याचा कुणाला पत्ता नव्हता, आणि विचारायची सोय नव्हती.

पण एक गाणं राहिलं होतं. सगळं नाही, एक ओळ. पलंगावर उशीला टेकून बसलेले असताना मास्तर मधूनच मान वर करायचे आणि खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता म्हणायचे:

"जाऊ दे गं, आता जाऊ दे..."

जुनं गाणं होतं. एके काळी ते लग्नाच्या मांडवापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे वाजायचं आणि कुणालाच त्याचं दुसरं कडवं येत नसे. दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक तरुण बाई होती. ती म्हणाली, "डोक्यात बोलण्याची खोली वेगळी असते आणि गाण्याची वेगळी. यांची बोलण्याची खोली पडली, गाण्याची शाबूत आहे."

"मग ते मनापासून म्हणतात की नुसतंच तोंडाला येतं?" बाईंनी विचारलं.

"ते मलाही नाही सांगता येणार, आजी."

मास्तरीणबाईंना 'आजी' म्हटल्याचा राग आला आणि त्या रागात पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला.

दवाखान्यालाच सांगता आलं नाही म्हटल्यावर घरच्यांनी अर्थ लावायला घेतला. मराठीत 'जाऊ दे' या दोन शब्दांत काय काय मावतं ते देवालाच ठाऊक. भांडण मिटवायचं तर जाऊ दे, नाद सोडायचा तर जाऊ दे, वाट अडली तर जाऊ दे, जीव नकोसा झाला तरी जाऊ दे. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. इथे ते गाण्यात ऐकू यायला लागलं.

लेकीने अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं. मास्तर दोन वर्षं तिच्याशी बोलले नव्हते. पुढे बोलायला लागले, पण त्या दोन वर्षांचा विषय ना तिने काढला ना त्यांनी. झटक्यानंतर ती पहिल्यांदा भेटायला आली, पलंगाशी बसली, आणि मास्तर तिच्याकडे बघून म्हणाले, जाऊ दे गं, आता जाऊ दे. लेक तिथेच हमसून हमसून रडली. "बाबांनी मला माफ केलं," असं तिने जिन्यातल्या तीन शेजारणींना सांगितलं. तेव्हापासून तिचा चेहरा बदलला होता.

मुलाचं वेगळं. तो सरळ माणूस होता, वाईट नव्हता. महिन्यापूर्वी मास्तरांना न्हाणीघरात उठवताना बाईंचा पाय सरकला आणि दोघंही ओल्या फरशीवर पंधरा मिनिटं पडून होते, कुणी यायची वाट बघत. तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं होतं की आई यातून मोडणार. त्याने केंद्र बघून ठेवलं. जागा स्वच्छ होती, हवेशीर होती, आणि एक खोली रिकामी होत होती. तिथल्या फॉर्मवर एक ओळ होती: रुग्णाची स्वतःची इच्छा. मुलाने तिथे लिहिलं, 'मला जाऊ दे असं वारंवार गाऊन सांगतात.'

"अगं, 'गं' म्हणतात ना ते? घरात 'गं' कुणाला म्हणणार? तुलाच सांगतायत, आई. तुझे हाल त्यांना दिसत नाहीत का? म्हणतायत, मला जाऊ दे तिकडे."

बाईंनी यावर ताकास तूर लागू दिली नाही. कारण त्यांचा स्वतःचा अर्थ या दोघांहून वाईट होता. त्यांना वाटत होतं मास्तर मरण मागतायत. ते सोसणं एक वेळ सोपं होतं. सोसवत नव्हतं ते हे की, दोनदा, पाठीत कळ आलेली असताना आणि हातात ओली चादर असताना, ती ओळ कानावर पडली आणि त्यांच्या मनाने उत्तर दिलं, बरं. जा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला?

बुधवारी लेक आली तेव्हा बाई म्हणाल्या, "ते गाणं पूर्ण लाव बघू तुझ्या फोनवर. पुढे काय आहे ते ऐकू दे मला."

लेकीने लावलं. पुढे काही विशेष नव्हतं. ऊन कललं, सावल्या लांबल्या, नदीकाठी एक मुलगा मुलीला म्हणतोय की मला उशीर झाला, घरी जाऊ दे. एवढंच. बाईंची घोर निराशा झाली. एवढ्यासाठी त्यांनी चौदा महिने जीव टांगणीला लावला होता होय! गाणं लिहिणाऱ्याला दोन थपडा द्याव्यात असं त्यांना वाटलं.

"खाली लोकांनी काय काय लिहिलंय बघ," लेक म्हणाली, आणि वाचायला लागली. कुणी लिहिलं होतं, माझे वडील गेले त्या दिवशी शेजारी हेच लागलं होतं, त्यानंतर मी ऐकू शकत नाही, आज धीर केला. कुणी लिहिलं होतं, या गाण्यावर मी तिला विचारलं आणि ती हो म्हणाली, आता नातवंडं आहेत. एका बाईने नोकरीचा राजीनामा देताना हे गुणगुणलं होतं. एकाने फक्त 'दारू सोडली, सहा वर्षं झाली, जाऊ दे' असं लिहिलं होतं. शेकडो माणसं होती आणि जो तो छातीठोकपणे सांगत होता की गाण्याचा खरा अर्थ त्यालाच कळलाय. बाईंना आधी हसू आलं आणि मग कसंसंच झालं. आपण तरी दुसरं काय करत होतो, असं त्यांच्या मनात आलं.

लेक वाचता वाचता थांबली. "आई, हे ऐक. 'आमच्या लहानपणी सात नंबरच्या बसचे मास्तर हे गाणं म्हणून गाडी सोडायचे. आम्ही शाळेतली पोरं त्यांच्याबरोबर ओरडायचो.' सात नंबर म्हणजे बाबांचीच ना?"

सात नंबर मास्तरांचीच. पण बाईंना यातलं अक्षर माहीत नव्हतं. मास्तरांनी घरच्यांना स्वतःच्या गाडीत कधी बसू दिलं नाही. घरचं माणूस बसलं की लोक म्हणतात फुकट नेलं, असं त्यांचं म्हणणं. तिकीट काढून बसते म्हटलं तरी नको. बाजाराला जायचं तर बाई पुढची गाडी धरायच्या. आणि घरी हा माणूस गुणगुणलेला त्यांना आठवत नव्हता. दिवसभर ओरडून यायचा, जेवायचा, आणि तोंडाला कुलूप.

गुरुवारी सकाळी लेकीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाई डेपोवर गेल्या. मास्तरांबरोबर बावीस वर्षं सात नंबर चालवणारा ड्रायव्हर निवृत्त झाला होता, पण रोज सकाळी डेपोच्या फाटकाशी बाकावर येऊन बसायचा आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या वळणाला नावं ठेवायचा. सगळे त्याला पायलट म्हणायचे. बाईंना बघून तो दचकून उभा राहिला. वाईट बातमी आली असंच त्याला वाटलं.

"तसं काही नाही," बाई म्हणाल्या. "एक विचारायला आले. तुमचे मास्तर गाडीत गाणं म्हणायचे?"

पायलट एवढ्या जोरात हसला की आतला वॉचमन बाहेर डोकावला.

"वहिनी, तीन महिने मला 'गं' म्हणाला हा माणूस! तीन महिने! बेलची दोरी तुटली होती. अर्जावर अर्ज दिले, डेपोत कुणी ढुंकून बघेना. दारावर थाप मारली तर गर्दीत मला ऐकू येईना. मास्तरला शिट्टी आवडायची नाही, म्हणायचा शिट्टी पोलिसाने वाजवावी. मग एक दिवस मागून हा आवाज. जाऊ दे गं, आता जाऊ दे! मी म्हटलं, काय चाललंय? म्हणाला, गाडी सोड. अख्खी बस हसतेय आणि मी बायकोसारखा मुकाट्याने गिअर टाकतोय."

"मग दोरी बसवलीच नाही?"

"बसवली की. पण लोक म्हणाले, मास्तर, बेल राहू दे, गाणंच म्हणा. मग शेवटपर्यंत तेच."

बाई बाकावर टेकल्या आणि लगेच उठल्या. "म्हणजे गाडी सोड, एवढाच त्याचा अर्थ?"

"एवढाच कसा, वहिनी?" पायलट गंभीर झाला. "तुम्हाला सोपं वाटतं ते. मला आरशात मागचं दार दिसायचं नाही. गाडी सोड म्हणजे सगळे आत आले, दार लागलं, पायरीवर कुणी लोंबकळत नाही, मागून कुणी धावत येत नाही. कोपऱ्यावर एखादी म्हातारी दिसली तर हा गाणंच म्हणायचा नाही. आतले शिव्या घालतायत, उशीर होतोय, आणि हा ढिम्म. ती येणार, चढणार, टेकणार, मग गाणं. आवाज आला की मी डोळे झाकून गाडी सोडायचो. बावीस वर्षांत एक माणूस पडला नाही आमच्या गाडीतून."

 बाईंच्या मनात होतं तेच तोंडातून निघालं. "तुम्ही भेटायला का आला नाहीत?"

पायलटने मान खाली घातली. "आलो होतो की एकदा, तुम्ही औषधं आणायला गेला होतात, दार नुसतं लोटलेलं होतं. मला बघून तो बोलायला गेला आणि नुसता घशातून आवाज आला. मी पळालो, वहिनी. जिन्यातच रडलो. पुन्हा धीर नाही झाला."

"धीर करा," बाई म्हणाल्या आणि निघाल्या. पाच पावलं गेल्यावर परत फिरल्या. "शनिवारी सकाळी करा."

घरी येईपर्यंत त्यांना दम नव्हता. लेकीला त्यांनी जवळजवळ हाकलूनच दिलं. मास्तर पलंगावर होते. बाई दार लावून आत आल्या, मशीनशी बसल्या, हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने मास्तरांनी मान वर केली. जाऊ दे गं, आता जाऊ दे.

बाई उठल्या, बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि कान लावून जिन्यात उभ्या राहिल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आत शांत. वरच्या मजल्यावरची बाई पिशव्या घेऊन चढत होती. "किल्ली विसरलात का?"

"हो," मास्तरीणबाई म्हणाल्या.

अर्धा तास झाला. आत आल्या. मास्तर दाराकडे तोंड करून बसले होते. बाई खुर्चीत टेकल्या, श्वास घेतला, आणि गाणं आलं. त्या पुन्हा बाहेर गेल्या. वरची बाई आता कचरा टाकायला उतरत होती. "अजून नाही सापडली?"

"सापडेल," बाई म्हणाल्या. या खेपेला त्या पाऊण तास थांबल्या. आत चकार शब्द नाही. त्या आत येऊन बसल्यावर पुन्हा गाणं. तिसऱ्या वेळी एक गिऱ्हाईक पँट न्यायला आलं आणि दारात, एक पाय आत एक बाहेर, गप्पा मारत उभं राहिलं. मास्तर त्या पायाकडे बघत राहिले. गिऱ्हाईक गेलं, दार लागलं, मग म्हणाले.

मास्तरीणबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मास्तरांच्या गालाला हात लावला. चाळीस वर्षांत दिवसाढवळ्या असं त्यांनी केलं नव्हतं. हा माणूस मरण मागत नव्हता. केंद्रात जायचंही म्हणत नव्हता. त्याची माणसं आत आली होती, एवढंच तो सांगत होता. लेक पलंगाशी टेकली तेव्हाही तेच. इतक्या वर्षांनी का होईना, ती आत आली होती. बाईंनी ठरवलं, हे तिला सांगायचं नाही. तिने लावलेला अर्थ तिच्यापाशी राहू द्यावा, आणि खरं सांगायचं तर तो फार चुकलाही नव्हता.

पण आनंद काही संध्याकाळपर्यंत टिकला नाही. स्वयंपाकघरात उभ्या असताना त्यांना दुसरी बाजू दिसली आणि हातातलं भांडं हातात राहिलं. म्हणजे आपण बाहेर असलो की तो गप्प. केंद्रात ठेवलं तर कायमचा गप्प. तिथे दार लागेल तेव्हा त्याचं माणूस नेहमी दाराबाहेरच असणार. आणि घरी ठेवलं तर? तर त्यांनी इथेच बसायचं. त्याची गाडी सुटावी म्हणून जन्मभर पॅसेंजर होऊन बसायचं. चौदा महिन्यांत त्या एकट्या अशा औषधाच्या दुकानापलीकडे गेल्या नव्हत्या. आज डेपोपर्यंत गेल्या तर रस्त्यावर त्यांना पळावंसं वाटलं होतं, एखाद्या पोरीसारखं.

आणि एक सोपी वाट होती. पायलट सोडला तर हा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. त्या गप्प बसल्या असत्या तर मुलाने लिहिलेली ओळ तशीच गेली असती. बाबांनीच मागितलं, असं सगळे म्हणाले असते, आणि त्यांच्या पाठीला आराम मिळाला असता. यात खोटं असं काही बोलावं लागणार नव्हतं. बाई या वाटेकडे बराच वेळ बघत राहिल्या. ते नाकारायचं कशाला?

शुक्रवारी साडेनऊला मुलगा आला. दार लावलं, फॉर्म टेबलावर ठेवला, फोन काढला. "आई, दहाला त्यांचा फोन येईल. मग मी हो सांगतो. बाबांची इच्छा आहेच."

पलंगावरून मास्तरांनी टिपेला सूर लावला. जाऊ दे गं, आता जाऊ दे.

"बघ," मुलगा म्हणाला.

बाईंनी फॉर्म ओढून घेतला आणि ती ओळ खोडली. एका रेघेने समाधान झालं नाही म्हणून तीन रेघा मारल्या. "ते असं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

त्यांनी सांगितलं. तुटलेली दोरी, कोपऱ्यावरची म्हातारी, जिन्यातला पाऊण तास, सगळं. मुलगा ऐकता ऐकता मास्तरांकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरत होते. तेवढ्यात फोन वाजला. त्याला बोलवेना, म्हणून बाईंनीच घेतला.

"आमचे हे येणार नाहीत," त्या म्हणाल्या.

"पेशंटने नकार दिला का?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"नाही. मी देतेय."

मास्तर पुन्हा गायला लागले. पलीकडची बाई थबकली. "मागे कोण गातंय? अय्या, माझ्या आईचं गाणं हे! माहेरी जायला निघाली की म्हणायची." मग तिला आपण कामावर असल्याचं आठवलं आणि तिने खोली दुसऱ्याला देत असल्याचं सांगून फोन ठेवला.

मुलाने डोळे पुसले. "बरं केलंस, आई. आता मला कळलं. तू त्यांच्याजवळ असलीस की झालं. दुसरं काही नको त्यांना."

"हे बघ," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला, "बाबा काय म्हणतात ते ऐकलंस. आता मी काय म्हणते ते ऐक. गाण्यात नाही सांगत, सरळ सांगते. मी थकलेय. इतकी थकलेय की दोनदा मला वाटलं होतं हे गेले तर बरं. आता काय वाटतं तेवढं ऐकून घे. आठवड्यातले तीन दिवस, सकाळपासून दुपारपर्यंत, मी या घरात नसणार. शनिवार पायलटभाऊजींचा. गुरुवार तुझ्या बहिणीचा. मंगळवार तुझा."

"कुठे जाणार तू?"

"ते विचारायचं नाही."

मुलगा पलंगाकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "पण आई, तूच म्हणालीस ना? तू बाहेर असलीस की ते गातच नाहीत. तितका वेळ ते काय करतील?"

"गप्प बसतील. दाराकडे बघत." बाईंनी फॉर्म चुरगाळला. "मी नाही बसले? ते ड्यूटीवर असताना तीस वर्षं बसलेच की."

मास्तर त्यांच्याकडे बघत होते. त्यांना किती कळलं ते कुणाला सांगता आलं नसतं. मुलाने फोन उचलला आणि ऑफिसात मंगळवारची रजा मागितली.